आवाजाचा राखणदार

"चोर सापडला!"

बाहेरच्या खोलीतून अण्णांनी अशी आरोळी ठोकली की माझ्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. मी शेक घेऊन नुकतीच टेकले होते. आई शेजारी बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिनं कपाळावर हात मारला आणि ओठ हलवून मला म्हणाली, 'बघ, आता काय काढलंय.'

"कुठला चोर, अण्णा?" मी तिथूनच ओरडले.

"कॉम्प्युटरातला! सकाळी नवा गडी ठेवला आणि बघ, चहाच्या आत एक धरून कोंडलासुद्धा. नाहीतर ती जुनी बया. वर्षभर नुसती बोलत होती, एक उंदीर मारला नाही तिनं."

आई हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता. खांदे हलायचे आणि गळ्याजवळच्या भोकावरचं पांढरं फडकं वरखाली व्हायचं, त्यावरून कळायचं.

हे कऱ्हाडचं, विद्यानगरातल्या आमच्या घरातलं. अण्णा एस्टीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. घरातला माइक मात्र आईकडे होता. तिची इंजिनिअरिंगच्या पोरांची मेस होती आणि तिचा आवाज हा आमच्या घराचा पत्ता होता. "बोलणं ऐकू येईल तिथं डावीकडे वळा," असं जुनी पोरं नव्या पोरांना सांगत. पोळी लाटता लाटता ती एकाला वाढायची, दुसऱ्याला झापायची आणि तिसऱ्याला त्याच्या आईची खुशाली विचारायची. अण्णा म्हणायचे, "स्टँडवर मी बोलतो नि सगळा तालुका ऐकतो. घरी आलो की मी प्रवासी."

मग तिच्या घशात गाठ निघाली. मशेरीनं म्हणा, चुलीच्या धुरानं म्हणा, कारण सांगून काय होणार होतं? मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्या दिवशी मिरजेहून कऱ्हाडला येईपर्यंत आई एक अक्षर बोलली नाही. घरी आली, पदर खोचला आणि जी बोलत सुटली ती ऑपरेशनला जाईपर्यंत थांबली नाही.

त्या बोलण्याला डबा शोधला तो गजानन ढोलेनं. चिखलीकडचा हा मुलगा मेसमध्ये जेवायचा आणि कॉम्प्युटर शिकत होता. त्यानं आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला माइक जोडला, आईपुढे धरला आणि म्हणाला, "काकू, जे जे लागते ते सारं बोलून ठेवा. मी बटनं करून देतो."

आणि दिली त्यानं. पडद्यावर रंगीत बटणं. बटण दाबलं की आईचा आवाज, मोठ्या स्पीकरमधून, अगदी तिच्याच ठेक्यात. 'अहो, ऐकलं का?' 'गॅस संपलाय.' 'आणखी एक घे, लाजू नको.' 'दूध उतू चाललं, बघा जरा.' 'थांबा, मी आले.' आणि अण्णांसाठी खास, 'गप बसा.' हे बटण इतकं वापरलं जायचं की आपण म्हणावं, त्याचा रंग उडाला असेल. एकेक आवाज सुटा ठेवला तर कुणाच्या तरी हातून पुसला जाईल, म्हणून गजाननानं सगळं एकाच प्रोग्रॅमच्या पोटात बंद करून टाकलं होतं.

सगळ्यात शेवटी तिनं पाळणा म्हणून ठेवला. तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. ती म्हणाली, "उर्मे, तुझं बाळंतपण मी हातानं करीन. पण पाळण्यापाशी तोंडानं काय म्हणू? आत्ताच म्हणून ठेवते." मुलगा होणार की मुलगी, कुणाला ठाऊक? म्हणून सगळीकडे नुसतं 'बाळा'. तिनं तो स्वतः रचला होता आणि कागदावर एक ओळ उतरवली नव्हती. आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढून ती एकट्या गजाननापुढे गायली. गजानन डोळे पुसत बाहेर आला. त्याच्या मागून आई आली आणि तिनं आम्हाला बजावलं, "हे बारशाला ऐकायचं. आधी कुणी ऐकलं तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

मी ती शपथ पाळली. लग्न झालं, दिवस गेले, माहेरी बाळंतपणाला आले, तरी त्या बटणाला मी हात लावला नव्हता. बारसं रविवारी होतं.

आता त्या बयेचं सांगते. गजाननानं शिक्षण संपवून जातानाच कॉम्प्युटरला एक फुकटचा अँटिव्हायरस बसवून दिला होता आणि 'आपल्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही' असं त्याला सांगूनही ठेवलं होतं. तो अँटिव्हायरस रोज दुपारी स्वतःला ताजंतवानं करून घ्यायचा आणि मग एक बाई गोड इंग्रजीत तसं जाहीर करायची. पहिल्या दिवशी आई लाटणं घेऊन बाहेर धावली होती. आपल्या घरात, आपल्याच स्पीकरमधून, ही कोण परकी बोलते? त्यानंतर रोज ती बया बोलली की आई तुरुतुरु येऊन 'गप बसा' दाबायची. पोरं जेवता जेवता हसून लोटपोट व्हायची.

वर्षभरानं त्या बयेच्या चिन्हावर लाल फुली आली. फुकट असलं तरी वर्षातून एकदा इंटरनेटवरून नाव नोंदवावं लागतं, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. फुली म्हणजे राखण उठली, असं त्यांनी धरलं. त्या वर्षी व्हायरसच्या गोष्टी तर घरोघर चालल्या होत्या. कुणाच्या लग्नाचे फोटो गेले, कुणाचा पेन ड्राइव्ह आजारी पडला. अण्णा म्हणाले, "हिचा आवाज आत ठेवलाय आणि दाराला कडी नाही म्हणजे काय?"

मग त्यांनी लेकीला स्थळं बघावीत तशी चौकशी आरंभली. सायबर कॅफेवाला म्हणाला, हा घ्या, अंगानं हलका आहे, जुन्या मशीनला सोसेल. डेपोतला कारकून म्हणाला, तो घ्या, कडक आहे, कुणाला सोडत नाही. बँकेतला ओळखीचा म्हणाला, फुकटच्याच्या नादाला लागू नका.

"मग विकतचाच घ्या की," मी म्हणाले.

"माझा जन्म फुकटच्या पासावर गेला," अण्णा म्हणाले. "फुकटची गाडी काय मुक्कामाला पोचत नाही?"

त्यांनी कडक गडी पसंत केला. बयेलाही काढलं नाही. "डेपोच्या गेटवर दोन वॉचमन असतात. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा." आता एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे अण्णांनी आम्हाला शंभर वेळा ऐकवलं होतं. पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांना म्यान वाटलं नाही, डेपो वाटला. सकाळपासून मशीन दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं, तेही त्यांना 'तपासणी कडक चाललीय' असं वाटलं. आणि चहाच्या आत चोर सापडला.

आई चहा टाकायला उठली. आधण ठेवलं आणि नेहमीसारखी बाहेर आली, 'चहा घेता का?' हे विचारायला. माझ्या खाटेवरून दारातून कॉम्प्युटर समोरच दिसायचा. तिनं माउस हलवला, दाबला. परत दाबला. बटणांच्या प्रोग्रॅमचं जे फुलाचं चित्र होतं, तिथं कोरा पांढरा चौकोन आला होता. त्यावर दाबलं की एका छोट्या टॉर्चचं चित्र यायचं आणि ती इकडून तिकडे काहीतरी शोधत राहायची.

आईनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही, स्वतःच्या शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

"त्यानं हिलाच धरलं," ते म्हणाले. "उर्मे, त्यानं तुझ्या आईलाच धरून कोंडलं."

"अण्णा, थांबा, मी गजाननाला फोन लावते." गजानन तेव्हा हैदराबादला नोकरीला होता. मी बाळाला एका हातात धरून फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

इकडे अण्णांचा पारा चढला होता. "हरामखोर! घरची बाई ओळखता येत नाही तुला? वॉचमन ठेवलाय का डाकू?" डेपोत त्यांचा एकच न्याय होता. ज्यानं आपल्याच माणसाला अडवलं त्याला त्याच पावली गेटाबाहेर काढायचं, चौकशी मागाहून. ते खुर्चीत बसले आणि त्या गड्याला काढायला लागले.

आई त्यांच्या मागं उभी होती. मला तिचा चेहरा दिसत होता, अण्णांना नव्हता. तिनं हात वर केला होता. ओठ स्पष्ट हलत होते, 'थांबा. थांबा, अहो, थांबा.' तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होय गं, आधी ह्याला हाकलू दे," असं म्हणून अण्णांनी मान न वळवता तो हात थोपटला. 'थांबा' म्हणणारं बटण आत कोंडलेलं होतं.

पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला. अण्णांनी 'होय' दाबलं. आणखी एक आला. अण्णांनी 'होय' दाबलं.

तेवढ्यात माझा फोन लागला. मी सगळं भडाभडा सांगितलं. गजानन शांतपणे म्हणाला, "ताई, घाबरू नका. माझ्या प्रोग्रॅमवर कंपनीचं नाव नाही न, म्हणून त्याले संशय आला. ते मारत नाही, निस्तं कोंडून ठेवते. कोठडी उघडून बाहेर काढता येते, दोन मिनिटाचं काम. फक्त काकाले म्हणा, तो अँटिव्हायरस काढू नका. तो काढला तर कोठडीबी जाते, आतल्या मालासकट."

मी दारातून पडद्याकडे पाहिलं.

"ताई?" तो म्हणाला. "काढला तर नाही न काकानं?"

मी फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांनी ऐकलं. "गजू, मी हाकललं रे त्याला," एवढंच ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात परत दिला.

गजाननाकडची प्रत गेली होती. त्याचं कॉलेजातलं मशीन त्यानं भावाला दिलं होतं आणि भावानं ते पुसून नव्यानं भरलं होतं. आम्हाला त्यानं एक सीडी करून दिली होती. ती अण्णांनी लोखंडी कपाटात, आईच्या शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांमध्ये जपून ठेवली होती. काढली तर तिच्यावर पांढुरका थर चढलेला. गोळ्यांनी की कशानं, कोण जाणे. मशीन घरघरलं आणि सीडी बाहेर ढकलून मोकळं झालं. पुसून लावली, पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी अण्णांनी अख्खा कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं दिवसभर ठेवून घेतला आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी अण्णा बंद पडद्यासमोर बसून राहिले. आईनं ताट आणून ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"मला बोल काहीतरी," ते तिला म्हणाले. "शिव्या दे. मूर्ख म्हण. गप बसा तरी म्हण गं एकदा."

आई उभी राहिली. मग तिनं त्यांच्या तोंडावर आपला तळवा ठेवला. आतल्या खोलीत मी दुपट्यात तोंड खुपसून रडत होते. मला माझ्या बाळासाठी वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर मला माझी आई हवी होती. बोलणारी, ओरडणारी, गल्लीला पत्ता सांगणारी. ऑपरेशन झालं तेव्हा ती गेली नव्हती. ती आत्ता गेली होती.

रविवार उजाडला. बारसं पुढं ढकलू, असं मी म्हणून पाहिलं, पण आईनं जोरात मान हलवली. तिनं घुगऱ्या शिजवल्या, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या, शेजारणींना हळदीकुंकू लावलं. माझी नणंद वैजू सांगलीहून आली होती. बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिलं-घेतलं, वैजूनं कानात नाव सांगितलं, गार्गी, आणि पाठीत धपाटे खाल्ले. हसणं-खिदळणं झालं. मग जोशीणबाई, ज्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हणाल्या, "चला, आता तो काकूंचा पाळणा लावा बाई. दोन वर्षं ऐकतोय, आहे आहे म्हणून."

माझी नजर आईकडे गेली.

आई पुढं झाली. पाळण्याची दोरी तिनं हातात घेतली, खाली बसली आणि तिचे ओठ हलायला लागले. ती गात होती. मान लयीत डोलत होती, दोरी लयीत ओढली जात होती आणि खोलीत करकर वाजणाऱ्या कडीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. बायका तिच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. कुणाला एक शब्द कळेना. कळणार कसा? एक गजानन सोडला तर तो पाळणा जगात कुणी ऐकलाच नव्हता. वैजूनं पदर डोळ्यांना लावला.

आणि दारातून आवाज आला.

"नीज माझ्या बाळा, दिवा झाला मंद..."

अण्णा. पाहुण्यांच्या चपला सरळ करत बाहेर उभे होते ते. आत येऊन ते बायकांच्या घोळक्यात उभे राहिले. बारशाला पुरुषानं पाळणा म्हटलेला आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. त्यात अण्णांना गाणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ते गाडी पुकारावी तसं म्हणत होते, सपाट, एकेक शब्द तोडून, शेवटचं अक्षर लांबवून.

"आजोबाची एस्टी गेली, फाटक झालं बंद."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. आईची दोरी थांबली. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला तेव्हा कळलं. अण्णांनी शपथ मोडली होती. एकदा नाही, शब्द न् शब्द पाठ होईपर्यंत मोडली होती. आई दर महिन्याला तपासणीला माझ्या मावशीबरोबर मिरजेला जायची, तेव्हा ड्यूटीवरून आले की ते घरात एकटेच असायचे. येतो म्हणाले तर आईच त्यांना ड्यूटी बुडवू द्यायची नाही.

आईनं दोरी पुन्हा ओढली. दुसऱ्या हातानं ती जमिनीवर ठेका धरायला लागली, इथं लांबवा, इथं थांबा, असं बोटांनी दाखवायला लागली. अण्णा आता बाळाकडे बघत नव्हते. तिच्या ओठांकडे बघत होते. ती म्हणत होती आणि ते म्हणत होते.

"नीज माझ्या बाळा, तवा ठेवला खाली,
पोरं सारी जेवून गेली, तुझी पाळी आली."

आता कुणी हसत नव्हतं.

"नीज माझ्या बाळा, उद्या तू उठशील..."

इथं अण्णा अडकले. त्यांना ओळ आठवत नव्हती असं नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. आईनं त्यांचं मनगट धरलं आणि ओठांनी ती ओळ पुढं ढकलली, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तशी. मग अण्णांनी ती म्हटली. गायली नाही, नुसती म्हटली.

"आजीच्या हाकेला, ओ तेवढी देशील."

त्यानंतर आई पाच वर्षं होती. कॉम्प्युटर खोलीतून हलला. अण्णांना तिच्या ओठांवरचं सगळं वाचता यायला लागलं. कुठंही असले तरी ते अधूनमधून मान वळवून तिच्याकडे बघायचे, काही म्हणतेय का म्हणून. ती गेली त्या दिवशीही तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. अण्णा गेल्या वर्षी गेले.

परवा गार्गीनं नवा लॅपटॉप आणला. मी विचारलं, "अँटिव्हायरस कुठला टाकलास?" ती म्हणाली, "तो आतच असतो गं आता, निवडायचा नसतो." मग तिनं सहज विचारलं, "आई, आजीचा आवाज कसा होता?"

मी सांगायला लागले. मोठा होता, खणखणीत होता, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हे सगळं मला माहीत आहे. पण तो मला ऐकू येईना. डोळे मिटले, स्वयंपाकघर आणलं, पोळपाट आणला, ती तोंड उघडते आहे इथपर्यंत आणलं.

"म्हणून दाखव ना," गार्गी म्हणाली.

मी पाळणा म्हटला. तोंडातून बाहेर आला तो अण्णांचा, सपाट, तुटक, शेवटचं अक्षर लांबवलेला. तेवढाच उरलाय आईचा आवाज.